दाराआडचें संगीत

चार पिढ्यांचीं माणसें एका छपराखालीं नांदत असलीं म्हणजे त्यांची पंगत एक असते, देवघर एक असतें, सणवार एक असतात. कान मात्र अलीकडे ज्याचे त्याचे वेगळे झाले आहेत. घरांत एकच रेडिओ होता तेव्हां बातम्या, कीर्तन, नाट्यगीत, क्रिकेटचें समालोचन, जें लागेल तें आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या कानांवरून जात असे. आवडनिवड निराळी असली तरी ऐकणें सामाईक असे. आतां प्रत्येकाच्या खिशांत स्वतंत्र नभोवाणी आली आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दार लोटून, कानांत बोंडें घालून काय ऐकत असते, याचा वडील माणसांस पत्ता लागत नाहीं; आणि एखादे वेळीं तो आवाज बाहेर फुटलाच, तर स्वयंपाकघरांतली मांडणी कोसळल्याचा भास होऊन ‘हें गाणें कीं भांडण?’ असा प्रश्न माजघरांतून येतो.

त्या आवाजाचीं नांवें हार्ड रॉक, हेवी मेटल व पंक अशीं आहेत. हीं तिन्ही एकाच कुळांतलीं भावंडें होत. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज नांवाच्या दुःखगीतांस विजेच्या गिटारीची जोड देऊन इंग्लंडांतील तरुणांनीं १९६०च्या दशकाच्या अखेरीस जें दणकट गाणें निर्माण केलें, तें हार्ड रॉक. तेंच अधिक जड, अधिक गंभीर व अधिक काळोखी होऊन १९७० पासून हेवी मेटल झालें. पुढें या दोघांच्या लांबलचक पसाऱ्याचा कंटाळा येऊन १९७६च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथील पोरांनीं तीन स्वरसंघांत व दोन-तीन मिनिटांत आटोपणारें रांगडें गाणें सुरू केलें, तें पंक. या तीन प्रकारांतील ऐकण्याजोगे दहा आल्बम सुजाण कुटुंबांपुढें ठेवावे, असा आमचा विचार आहे. आल्बम हा शब्द मूळचा तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या ठेवावयाच्या वहीचा. १९४८ सालीं दीर्घ वाजणारी तबकडी निघाली, तेव्हां एका तबकडीवरील गाण्यांच्या संचास तेंच नांव चिकटलें. संच या नात्यानेंच तो आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावयाचा असतो.

नव्या आवाजाची जुनी भीति

परक्या आवाजाविषयीं नापसंति दाखविणें ही आपल्या समाजाची जुनी संवय आहे, आणि ती सर्वस्वीं निंद्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत रंगभूमीवर आलें. आज त्या दिवसाचें नांव आपण अभिमानानें घेतों, पण नाटकमंडळींत गेलेला मुलगा वायां गेला, असें समजणारीं घरें त्यानंतरहि पुष्कळ होतीं. हार्मोनियम आज घरोघरच्या भजनांत बसली आहे. तीच पेटी आपल्या गळ्यास घातक म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें बंद केली होती. पुढें १९५२ पासून नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं चित्रपटगीतांस आकाशवाणीचें दार जवळजवळ लावून घेतलें. त्याचा परिणाम काय झाला? श्रोत्यांनीं गाणीं सोडलीं नाहींत; त्यांनीं रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ सुरू करून सरकारास तेंच गाणें आपल्या अंगणांत आणावें लागलें.

या इतिहासांतून घरापुरता बोध घ्यावयाचा तर तो एवढाच कीं, दार लावल्यानें ऐकणारा थांबत नाहीं, तो दुसरीकडे जातो. मुलगा सिलोनला गेला, आणि तेथें काय ऐकतो हें विचारण्याचा अधिकारहि आपण गमावून बसलों, ही खरी हानि होय.

सा, प आणि रौद्र

आतां या संगीताच्या रचनेकडे वळूं. तंबोऱ्याच्या स्वरांवर वाढलेल्या कानास तें वाटतें तितकें परकें नाहीं. हेवी मेटलचा पाया ज्या स्वरजोडीवर उभा आहे, तिला त्या लोकांत ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. ती जोडी म्हणजे आपला षड्ज आणि पंचम! गिटारीचा आवाज विद्युत्-यंत्रांतून मुद्दाम फोडून भरड केला, कीं त्यांत गांधार घातल्यास गढूळपणा येतो. सा आणि प मात्र एकमेकांत मिळून जातात. म्हणून ही मंडळी गांधार वगळतात, आणि पंचमाचा तंबोरा छेडावा तशी एक जाड भिंत उभी करतात. तिच्यावर कोमल रिषभ वारंवार येतो, आणि भयाची छाया पाडावयाची असेल तेव्हां तीव्र मध्यम येतो. युरोपांतील जुने पंडित याच तीव्र मध्यमाच्या अंतरास सैतानी समजत असत. आपण त्यावर मारवा आणि पूरिया उभे केले!

दुसरी गोष्ट रसाची. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले. त्यांपैकीं शृंगार व करुण आपल्या घरगुती गाण्यांत भरपूर आहेत, आणि त्यांच्या जोडीस भक्ति व शांत आहेत. रौद्र, भयानक व बीभत्स यांस मात्र आपण दिवाणखान्यांत कधीं बसूं दिलें नाहीं. त्यांची सोय रंगभूमीवर केली. कोंकणांतील दशावतारी नाटकांत खांबांतून नृसिंह प्रकट होतो तेव्हां पुढें बसलेलीं मुलें आईच्या पदराआड लपतात, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच पाहावयास जातात. खाडिलकरांच्या ‘कीचकवधां’तील भीमाच्या क्रोधानें तर परकी सरकारास इतकी धास्ती घातली कीं, १९१० सालीं तें नाटक बंद करण्यांत आलें. या रसांची माणसास गरज असते. सोळाव्या वर्षीं ती अधिक असते. कारण त्या वयांत राग पुष्कळ येतो आणि तो ठेवावयास जागा सांपडत नाहीं. हार्ड रॉक, मेटल व पंक ही ती जागा आहे. तेथें राग तालांत बसतो, सुरांत बसतो आणि गाणें संपलें म्हणजे संपतो.

गणेशोत्सवांत हाच मुलगा कमरेला ढोल बांधून पथकांत उभा राहतो, तेव्हां त्याच्या आवाजानें खिडक्यांचीं तावदानें हलतात, आणि आत्या व काकू त्याचीं छायाचित्रें कौतुकानें नातलगांस दाखवितात. ढोल चालतो आणि गिटार चालत नाहीं, याचें कारण आवाजाच्या मोठेपणांत नसून ओळखीच्या अभावांत आहे.

हार्ड रॉकचे तीन

पहिला आल्बम ‘डीप पर्पल’ या इंग्रज मंडळीचा ‘मशीन हेड’. गाणीं सात, वेळ पाऊण तासाहून कमी. त्याच्या मुद्रणासाठीं मंडळी डिसेंबर १९७१ मध्यें स्वित्झर्लंडांतील माँत्रो गांवीं गेली असतां, जेथें मुद्रण व्हावयाचें त्या नाट्यगृहास दुसऱ्या एका गायकाच्या जलशांत आग लागली. सरोवरावर पसरलेला धूर पाहून त्यांनीं गाणें रचलें, आणि एका ओस हॉटेलाच्या बोळांत आल्बम पुरा केला. १९७२ सालीं तो बाहेर पडला. यांत जॉन लॉर्ड याचा ऑर्गन मुद्दाम ऐकावा. ऑर्गनची साथ गंधर्व नाटक मंडळीच्या दिवसांपासून मराठी कानास परिचित आहे. येथें तोच गिटारीच्या ध्वनिवर्धकांतून गुरगुरतो.

दुसरा, ‘लेड झेपेलिन’चा १९७१चा चौथा आल्बम. त्यांतील ‘स्टेअरवे टु हेवन’ हें आठ मिनिटांचें गाणें नापसंति दाखविणाऱ्या आजोबांस प्रथम ऐकवावें. तें एकट्या गिटारीवर व बांसरीसारख्या मृदु वाद्यांवर संथपणें सुरू होतें, एकेक वाद्य येऊन मिळतें, लय चढत जाते, आणि अखेरीस द्रुताचा कल्लोळ होऊन एकटा आवाज उरतो. विलंबितांतून द्रुताकडे जाणारी बैठक ज्यानें ऐकली आहे, त्यास ही वाट नवी नाहीं. याच आल्बमांतील ‘फोर स्टिक्स’ पांच व सहा मात्रांच्या मिश्र चालींत आहे. ढोलवादक जॉन बॉनम यानें तें प्रत्येक हातांत दोन दोन काठ्या धरून वाजविलें, म्हणून तें नांव. १९७२ सालीं या मंडळींतील जिमी पेज व रॉबर्ट प्लांट मुंबईस आले आणि येथील वादकांना घेऊन हें गाणें व ‘फ्रेंड्स’ हें दुसरें गाणें त्यांनीं नव्यानें मुद्रित केलें. तें मुद्रण त्रेचाळीस वर्षें पडून राहून २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. हिंदी वादकांच्या हातांत तें गाणें कसें वळतें, हें शेजारीं शेजारीं ऐकण्यांत मोठी मौज आहे.

तिसरा, ‘क्वीन’चा ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’, १९७५. याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पुण्याहून सुमारें शंभर किलोमीटरांवरील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला. पारशी घराण्यांतील हा फारुख बलसारा झांझिबारहून येथें वसतिगृहांत राहावयास आला, शाळेंत पियानो शिकला, आणि १९५८ सालीं मित्रांसह त्यानें ‘हेक्टिक्स’ नांवाची मंडळी काढली. त्याचा सोबती ब्रायन मे याची गिटार त्यानें व त्याच्या वडिलांनीं मिळून घरीं बनविली. मानेसाठीं शेकोटीच्या जुन्या चौकटीचें लांकूड वापरलें. याच मे यानें पुढें २००७ सालीं खगोलभौतिकींत डॉक्टरेट मिळविली. गाण्याच्या नादानें अभ्यास बुडतो अशी चिंता असणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. मात्र त्यास मध्यें तीस-बत्तीस वर्षें लागलीं, हें मुलांना सांगण्याची घाई करूं नये. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या जवळपास सहा मिनिटांच्या गाण्यांत तीन माणसांनीं आपल्याच आवाजांचे थरावर थर चढवून सबंध ऑपेराचा मेळा उभा केला आहे.

मेटलचे तीन

चौथा, ‘ब्लॅक सबाथ’चा ‘पॅरानॉइड’, १९७०. मेटलच्या जन्माची कथा या मंडळीशीं निगडित आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असे. एके दिवशीं यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोंकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात हाच. गिटार संपली असें समजून तो खचला. तेव्हां कारखान्यांतील त्याचा वरिष्ठ एक तबकडी घेऊन त्याच्याकडे गेला. ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती. १९२८च्या आगींत डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं असतांहि तो उरलेल्या बोटांनीं अप्रतिम वाजवीत असे. ती ऐकून आयोमीनें प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, हलक्या तारा लावल्या. आणि पुढें तारा ढिल्या करून स्वर खालीं उतरविला. मेटलचा तो खर्जांतला जड आवाज असा एका जखमेंतून निघाला आहे. ‘पॅरानॉइड’मधील ‘वॉर पिग्ज’ हें गाणें स्वतः सुरक्षित राहून गरिबांच्या मुलांस युद्धावर धाडणाऱ्यांचा धिक्कार करतें. या मंडळीचा गायक ऑझी ऑसबर्न यानें ५ जुलै २०२५ रोजीं आपल्या जन्मगांवीं बर्मिंगहॅमला शेवटचा कार्यक्रम केला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्याचें निधन झालें.

पांचवा, ‘आयर्न मेडन’चा ‘पॉवरस्लेव्ह’, १९८४. ज्यांनीं महाविद्यालयांत कोलरिजची वृद्ध नाविकाची दीर्घ कविता अभ्यासली असेल, त्यांना या आल्बमचें शेवटचें गाणें चकित करील. तेरा मिनिटांहून मोठ्या या रचनेंत ती सबंध कथा आहे: पक्ष्याची हत्या, ओस समुद्र, तहानेनें मेलेले सोबती आणि पश्चात्ताप. मध्यें वाद्यें जवळजवळ थांबून गलबताच्या लांकडांची करकर ऐकूं येते. तो शांत भाग सर्वांत भयंकर आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजीं या मंडळीनें आपल्या जगदौऱ्याचा प्रारंभ मुंबईंत केला. त्या दौऱ्यांत मंडळींचें विमान तिचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः चालवीत असे.

सहावा, ‘मेटॅलिका’चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, १९८६. याचें मुख्य गाणें मादक द्रव्यांविषयीं आहे: द्रव्य हा सूत्रधार, व्यसनी माणूस ही त्याची कळसूत्री बाहुली. व्यसनाच्या बाजूनें लिहिलेलें म्हणून ज्या संगीताविषयीं आपण बिचकतों, त्यांतील हा सर्वांत प्रसिद्ध आल्बम व्यसनाचा असा पंचनामा करतो. ‘ओरायन’ ही आठ मिनिटांची शब्दावांचून असलेली रचना वादनप्रेमी श्रोत्यांनीं अवश्य ऐकावी. तिच्यांतील बासवादक क्लिफ बर्टन हा त्याच वर्षीं सप्टेंबरांत स्वीडनमधील मोटार-अपघातांत चोविसाव्या वर्षीं मरण पावला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें २०१६ सालीं आपल्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहांत घेतलेला हा पहिला मेटल आल्बम होय.

पंकचे दोन

पंकचा आरंभ पाहावयाचा तर ‘रामोन्स’चा १९७६चा पहिला आल्बम आहेच, अर्ध्या तासांत चौदा गाणीं! पण घरांत ऐकावयास आम्ही दुसरे दोन निवडतों. सातवा, ‘क्लॅश’चा ‘लंडन कॉलिंग’, डिसेंबर १९७९. महायुद्धांतील बी.बी.सी.च्या बातम्या ज्यांच्या वडिलांनीं कान लावून ऐकल्या, त्यांना हें नांव ऐकतांच त्या घोषणेची आठवण होईल. मंडळीनें तें तेथूनच उचललें. दोन तबकड्या, एकोणीस गाणीं. त्यांत जमेकाचें रेगे आहे, जॅझ आहे, आणि स्पेनच्या यादवीवर व तींत बळी पडलेल्या लोर्का या कवीवर एक गाणें आहे. पंक म्हणजे नुसता आरडाओरडा, हा समज या एका संचानें दूर होतो.

आठवा, ‘एक्स-रे स्पेक्स’चा ‘जर्मफ्री ॲडोलेसंट्स’, १९७८. घरांतील मुलींसाठीं आम्हीं हा मुद्दाम निवडला. याची गायिका पॉली स्टायरीन ही सोमाली पित्याची व ब्रिटिश मातेची मुलगी. दांतांवर तारा बसविलेली, उंची पोशाखाची पर्वा नसलेली ही विशींतील मुलगी जाहिरातींवर, प्लास्टिकच्या वस्तूंवर आणि आरशांत स्वतःला शोधणाऱ्या तरुणींवर खणखणीत आवाजांत गायली. बाईनें गावें तें गोडच, ही अपेक्षा तिनें मोडली. पुढें ती हरे कृष्ण संप्रदायांत गेली. २०११ सालीं ती वारली.

आपल्याकडचे दोन

आपल्या प्रांतांतहि हें गाणें आज कालचें नाहीं. मुंबईंत धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सव भरूं लागला. शेजारीं रुग्णालयें असल्यामुळें शांतताक्षेत्राच्या नियमांनीं पुढें त्या जागेचे कार्यक्रम बंद झाले. पुण्यांत डिसेंबर २०१० मध्यें कोरेगांव पार्कांत ‘एन.एच. सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला, आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या या शहरांत थंडीच्या दिवसांत दुसरीहि एक यात्रा भरूं लागली.

नववा आल्बम ‘रॉक मशीन’चा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’, १९८८. १९८४ सालीं मुंबईंत निघालेल्या या मंडळींत उदय बेनेगल गात व महेश तिनईकर गिटार वाजवीत. परक्यांच्या गाण्यांच्या नकला करण्याचा तो काळ होता; त्यांत स्वतःचीं गाणीं रचून तबकडी काढणें हें धाडस होतें. हीच मंडळी पुढें ‘इंडस क्रीड’ झाली.

दहावा, मुंबईच्याच ‘डिमॉनिक रेझरेक्शन’चा २०१७चा ‘दशावतार’. यांत दहा गाणीं आहेत, आणि मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्कि हींच त्यांचीं नांवें आहेत. २००० सालीं ही मंडळी काढणारा साहिल मखिजा गुरगुरल्यासारख्या आवाजांत गातो. तो आवाज घसा फाडून निघत नाहीं. स्वरतंतूंच्या वर असलेल्या दुसऱ्या पडद्यांचा उपयोग करून तो काढतात, आणि त्यास रियाज लागतो. पहिल्या ऐकण्यांत शब्द कळणार नाहींत. नरसिंहाच्या गाण्यापाशीं थांबून स्वतःस विचारावें कीं, खांब फुटून बाहेर आलेल्या त्या देवाचा आवाज सारंगीसारखा असेल काय? जातां जातां गृहिणींसाठीं एवढें सांगतों कीं, हेच मखिजा पाककृतींचा एक लोकप्रिय कार्यक्रमहि चालवीत आले आहेत.

आक्षेपांचा विचार

या संगीतांत वाईट कांहीं नाहीं, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. हिंसेचें किळसवाणें वर्णन, स्त्रियांविषयीं हलके उद्गार, सैतानाचीं उथळ सोंगें, हें सारें त्यांत आहे. आणि वर उल्लेखिलेल्यांपैकीं कित्येक वादक स्वतः व्यसनांत बुडाले होते. १९८५ सालीं अमेरिकेच्या सिनेटपुढें याच प्रश्नाची सुनावणी झाली, आणि तींतून तबकड्यांवर पालकांसाठीं सूचनेची चिठ्ठी लावण्याचा प्रघात पडला. चिठ्ठी उपयोगी असली तरी ती पालकांच्या कानाचें काम करीत नाहीं. गाण्याचे शब्द आज सहज वाचावयास मिळतात; ते मुलासह वाचावे, आणि जें टाकाऊ वाटेल तें कां टाकाऊ हें त्यास सांगावें. ज्यानें एकहि गाणें ऐकलेलें नाहीं, त्याच्या निषेधास सोळा वर्षांचा मुलगा किंमत देत नाहीं. ऐकून केलेल्या निषेधास तो वरवर नाहीं तरी मनांतून देतो.

दुसरा आक्षेप कानांच्या आरोग्याचा, आणि तो पूर्णपणें रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यांत चाळीस तास ऐकावयाचें तर आवाज ८० डेसिबेलांपर्यंत असावा, आणि मुलांसाठीं ७५ पर्यंत. आवाज जसजसा चढेल, तसतसा सुरक्षित काळ झपाट्यानें घटतो. कानांत बोंडें घालून हें गाणें मोठ्यानें ऐकणें दिवाणखान्यांत ऐकण्यापेक्षां अपायकारक. कारण बाहेर कोणी ‘हळू कर’ म्हणणारें असतें. हेंहि दार उघडण्याचें एक कारणच समजावें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. महिन्यांतील एक रविवारची संध्याकाळ ऐकण्यासाठीं राखावी. एके खेपेस निवड नातवाची किंवा नातीची, दुसऱ्या खेपेस आजोबांची. मल्लिकार्जुन असोत वा ‘मेटॅलिका’, संच पुरा वाजावा. प्रारंभ ‘स्टेअरवे टु हेवन’नें किंवा ‘क्वीन’नें करावा, ‘दशावतार’ दिवाळीनंतर काढावा. लावण्यापूर्वीं ज्याची निवड त्यानें पांच मिनिटें माहिती सांगावी, आणि गाणें चालू असतां कोणीं टीका करूं नये. आयोमीच्या त्या वरिष्ठानें खचलेल्या पोरास उपदेश केला नाहीं, तबकडी ऐकविली. घरांतील वडील माणसांस एवढें सहज जमण्यासारखें आहे. आजोबांनीं मध्येंच उठून बागेंत जाऊं नये, नातवानें शेवटचें गाणें संपेपर्यंत फोन हातीं घेऊं नये, आणि चहा मध्यंतरांत व्हावा.